यंत्राला पाहायला शिकवणारी माणसं

ऑक्टोबर २०२५ मध्ये होनोलुलूला आयसीसीव्ही भरली. संगणकीय दृष्टी या विषयातली ही मानाची परिषद दर दोन वर्षांनी भरते, आणि २००७ पासून तिथे एका ज्येष्ठ संशोधकाला आयुष्यभराच्या कामासाठी ॲझ्रिएल रोझेनफेल्ड यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. या खेपेचा पुरस्कार रामा चेल्लप्पा यांना मिळाला. ते मद्रास विद्यापीठाचे १९७५ सालचे इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर. पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मग अमेरिकेत पर्ड्यू, सदर्न कॅलिफोर्निया, मेरीलँड आणि २०२० पासून जॉन्स हॉपकिन्स. आतापर्यंतच्या दहा मानकऱ्यांत भारतात शिकून गेलेलं हे पहिलं नाव. हे पुस्तक करायचं त्याआधीच ठरलं होतं. बातमी आली आणि त्याचा आराखडा बदलला. ज्या धाग्याचं एक टोक आम्ही धरून बसलो होतो, त्याचं दुसरं टोक हाती आलं.

पहिलं टोक माझ्या दारात होतं. मी मूळची साताऱ्याची, पण गेली कितीतरी वर्षं चेन्नईत राहते. इथे मार्गळी महिन्यात पहाटे गल्लीत सडे पडतात आणि उजाडायच्या आत प्रत्येक उंबरठ्यापुढे कोलम उमटतं. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीशी त्याचं नातं उघड आहे, पण एक फरक आहे. आपण ठिपके जोडतो. इथल्या कंबी कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालून पुढे जाते आणि शेवटी सुटली तिथेच येऊन मिळते. शेजारच्या बाई पाच-सहा ठिपक्यांचं कोलम ज्या सहजतेने काढतात त्याच सहजतेने सणाला पंधरा ठिपक्यांचं काढतात, कागदावर काहीही न मांडता. त्यांच्या बोटांत नमुने पाठ नाहीत, नियम आहेत, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला.

तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या काही माणसांच्या ते फार आधीच लक्षात आलं होतं. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या तिघांनी १९७२ साली चित्रांच्या व्याकरणावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि १९७४ साली थेट कोलमवर दुसरा. वाक्याचं व्याकरण एका ओळीत चालतं, शब्दापुढे शब्द. चित्र आडवंही वाढतं आणि उभंही. मग चित्राचे नियम लिहायचे कसे? त्यांनी ते लिहिले. छोट्या कोलममधून मोठं कोलम कोणत्या नियमांनी उगवतं, हे गणिताच्या भाषेत मांडलं. हे दोन्ही निबंध ‘कम्प्युटर ग्राफिक्स अँड इमेज प्रोसेसिंग’ या नव्या नियतकालिकात आले. त्याच्या संस्थापक-संपादकांपैकी एक होते ॲझ्रिएल रोझेनफेल्ड.

या माणसाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुरस्काराला त्यांचं नाव असण्याला अर्थ आहे. १९३१ साली न्यूयॉर्कला जन्म. गणिताचे डॉक्टरेट, आणि रीतसर दीक्षा घेतलेले ज्यू धर्मगुरूही. १९६४ पासून ते मेरीलँड विद्यापीठात होते. १९६९ साली त्यांनी संगणकाने चित्रावर प्रक्रिया कशी करायची यावर या क्षेत्रातलं पहिलं पाठ्यपुस्तक लिहिलं. पण मला त्यांचं सर्वांत मोठं वाटतं ते काम वेगळंच आहे. जवळजवळ तीस वर्षं, दरवर्षी, जगभरात या विषयावर जे काही प्रसिद्ध झालं त्याची वर्गवारी केलेली सूची त्यांनी छापली. पुढेपुढे एकेका वर्षाच्या सूचीत हजाराहून जास्त नोंदी असत. वारकऱ्यांच्या दिंडीत एखादा माणूस स्वतः चालता चालता बाकीच्यांचीही मोजदाद ठेवतो, कोण मागे राहिलं ते बघतो, तसं हे काम. शोध लागतात आणि विसरले जातात. कुणीतरी ते नोंदवत राहावं लागतं. तांबरमचे निबंध जगाच्या नकाशावर आले त्यामागे अशा नजरेचा वाटा आहे. रोझेनफेल्ड २००४ साली गेले. तीन वर्षांनी पुरस्कार सुरू झाला.

१९९१ साली चेल्लप्पा मेरीलँडला आले ते रोझेनफेल्ड यांनी उभ्या केलेल्या केंद्रातच. चेहरे ओळखण्याच्या तंत्रांचा २००३ सालचा जो सर्वेक्षण-निबंध आजही विद्यार्थी वाचतात, त्याच्या चार लेखकांत दोघांची नावं आहेत. म्हणजे होनोलुलूत चेल्लप्पांना मिळालेल्या सन्मानावर त्यांच्याच ज्येष्ठ सहकाऱ्याचं नाव होतं.

आता विषयाकडे. मराठीत ‘दिसणं’ आणि ‘पाहणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि नवख्या वाचकाला हे शास्त्र समजावून सांगायला यापेक्षा चांगली सुरुवात मला सापडली नाही. ‘मला डोंगर दिसतो’ यात मी काही करत नाही. ‘मी डोंगर पाहते’ यात करते. कॅमेऱ्याला सगळं दिसतं. लाखो ठिपके, प्रत्येकाला एक आकडा, किती उजेड आणि कोणता रंग. पण त्या आकड्यांच्या ढिगात डोंगर कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. दिसण्यापासून पाहण्यापर्यंतचं अंतर यंत्राने कसं ओलांडायचं, हाच या शास्त्राचा प्रश्न. त्यापुढे तिसरं क्रियापद येतं, ‘ओळखणं’. आज गाजावाजा आहे तो त्याचा.

सुरुवातीला हे अंतर कुणालाच नीट कळलं नव्हतं. १९६३ साली लॅरी रॉबर्ट्स यांनी एमआयटीत लाकडी ठोकळ्यांच्या फोटोवरून त्यांचा त्रिमितीय आकार काढून दाखवला. १९६६ साली तिथेच एका उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रकल्प आखला गेला. दृष्टीच्या यंत्रणेचा बराचसा भाग विद्यार्थ्यांकडून तेवढ्यात उभा राहील अशी अपेक्षा होती. साठ वर्षं होत आली, काम चालूच आहे. डोळे उघडले की आपल्याला जे आपोआप जमतं ते सोपं असणार, असा तो समज होता. सोपं वाटतं कारण ते करणारा मेंदूचा भाग आपल्याशी बोलत नाही.

त्याच सुमारास मद्रासमध्ये जन्मलेला, गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला एक माणूस मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होता. रंगस्वामी नरसिंहन. भारतात बांधलेला पहिला मोठा संगणक टिफ्रॅक, तो त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. १९६१ ते १९६४ ते इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे भौतिकशास्त्रज्ञांकडे बबल चेंबरमधून निघालेल्या फोटोंचा पाऊस पडत होता; कणांनी उमटवलेल्या त्या रेघा हाताने वाचणं अशक्य झालं होतं. नरसिंहन यांनी मांडलं की चित्राला नुसतं लेबल लावून भागणार नाही, त्याचं वर्णन करता आलं पाहिजे; आणि वर्णनाला व्याकरण लागतं. ही व्याकरणाची शाळा. तांबरमचं काम त्याच कुळातलं. पर्ड्यूमध्ये किंग-सुन फू यांनी ती परंपरा मोठी केली. नरसिंहन यांना हा पुरस्कार मिळालेला नाही आणि मिळणारही नाही, ते २००७ साली गेले. पण मराठीत या विषयाचं पुस्तक निघतं आणि त्यात हा पाया घालणाऱ्याचं प्रकरण नाही, असं होऊ देणं मला शक्य नव्हतं.

पुरस्काराच्या यादीतली नावं क्रमाने वाचत गेलं तर बाकीच्या शाळा उलगडतात. पहिले मानकरी ताकेओ कानादे आणि दुसरे बर्थोल्ड हॉर्न हे प्रकाशाच्या आणि भूमितीच्या शाळेचे. हॉर्न यांनी १९७० साली विचारलं, एकाच फोटोतल्या सावल्यांवरून वस्तूचा उठाव काढता येईल का? १९८१ साली या दोघांनीही, वेगवेगळ्या सहकाऱ्यांसोबत, चित्रातली हालचाल मोजण्याची दोन वेगळी तंत्रं दिली. लोकलच्या खिडकीतून जवळचे खांब सर्रकन मागे जातात आणि पारसिकचा डोंगर हळूहळू सरकतो. त्या सरकण्यातून अंतर कळतं. चालत्या गाडीवरचा कॅमेरा आज तेच करतो. फ्रान्सचे ऑलिव्हिए फोजेरास याच शाळेतले. दोन कॅमेरे नेमके कुठे ठेवले होते हे ठाऊक नसतानाही त्यांच्या फोटोंतून जगाचा आकार किती परत मिळतो, हे त्यांनी १९९२ साली दाखवलं.

दुसरी शाळा डोळा आणि मेंदू यांच्याकडून शिकणारी. तिचा मूळ पुरुष डेव्हिड मार. तो १९८० साली ऐन पस्तिशीत गेला आणि त्याचं ‘व्हिजन’ हे पुस्तक १९८२ साली त्याच्या पश्चात निघालं. पुरस्कार त्याला मिळू शकला नाही, पण त्याचे सहकारी तोमासो पोज्जो आणि शिमॉन उलमान यांना मिळाला. उट्रेख्टचे यान कोंडरिंक आणि एमआयटीचे एडवर्ड अॅडलसन यांनाही. अॅडलसन यांचं १९९५ सालचं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र कित्येकांनी पाहिलं असेल. सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन प्रत्यक्षात अगदी एकाच करड्या रंगाचे असतात. मी ते चित्र विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा वर्गातलं कुणीतरी उठून कागदाला भोक पाडून खात्री करून घेतं. आपल्याला उजेड दिसत नाही, आपण वस्तू पाहतो, हे त्या भोकातून पटतं.

तिसरी शाळा चेल्लप्पांची, संख्याशास्त्राची. हिच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीत ती कुणी समजावून सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. पैठणीच्या पदराचा किंवा कांचीपुरम साडीच्या काठाचा जवळून फोटो काढा. त्यातला एक ठिपका बोटाने झाका. आजूबाजूचे ठिपके पाहून झाकलेला कसा असेल याचा अंदाज बांधता येतो की नाही? येतो, आणि तो अंदाज किती पक्का हे त्या कापडाच्या पोतावर ठरतं. म्हणजे पोत याचा अर्थ शेजाऱ्यांचा एकमेकांवर असलेला प्रभाव. आता खरा प्रश्न येतो, शेजारी म्हणजे नेमके कोण? भिंतीला भिंत लागलेले चार, की कोपऱ्यावरचे धरून आठ, की त्यापलीकडचेही? फार थोडे धरले तर नक्षी हरवते, फार धरले तर हिशेब हाताबाहेर जातो. पर्ड्यूमध्ये रंगस्वामी लक्ष्मीनारायण कश्यप यांच्या हाताखाली डॉक्टरेट करताना चेल्लप्पांनी हाच प्रश्न घेतला, आणि १९८३ साली त्या दोघांनी शेजार कसा निवडायचा याची संख्याशास्त्रीय पद्धत दिली.

त्यांचं १९८८ सालचं, रॉबर्ट फ्रँकोट यांच्यासोबतचं काम मला त्याहून आवडतं, कारण त्यात दोन शाळा भेटतात. सावल्यांवरून प्रत्येक ठिकाणचा उतार काढता येतो, हे हॉर्न यांनी सांगितलं होतं. पण काढलेले उतार चुकांनी भरलेले असतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. सिंहगड पायवाटेने चढा नाहीतर गाडीरस्त्याने, माथ्याची उंची एकच भरली पाहिजे. यंत्राने काढलेल्या उतारांवरून चालत गेलं तर दर वाटेने वेगळी उंची भरते. असा डोंगर जगात असूच शकत नाही. असू शकणाऱ्या डोंगरांपैकी आपल्या उतारांच्या सगळ्यांत जवळचा डोंगर कोणता, हे शोधण्याची सोपी आणि देखणी रीत त्या दोघांनी दिली. ती आजही वापरात आहे. त्यानंतर चेल्लप्पांनी चेहरे, चालण्याची ढब, व्हिडिओतल्या हालचाली अशा अनेक विषयांत काम केलं. त्याचा आढावा पुस्तकात आहेच.

या तिन्ही शाळांना तोलून धरणारं एक नाव म्हणजे रुझेना बायची. १९३३ साली ब्रातिस्लाव्हात जन्मलेल्या या बाईंनी १९८८ साली ठामपणे मांडलं की पाहणं म्हणजे फोटो घेऊन बसणं नव्हे. पाहणारा मान वळवतो, जवळ जातो, वस्तू हातात घेऊन फिरवतो. २०२१ साली त्यांना पुरस्कार मिळाला. दहा जणांत त्या एकट्याच स्त्री आहेत. ही गोष्ट मला खटकते आणि ती इथे लिहून ठेवणं मला कर्तव्य वाटतं. कोंडरिंक यांचं कितीतरी महत्त्वाचं काम आंद्रेआ फान डोर्न यांच्यासोबतचं आहे. यादीत त्या नाहीत. कोलमच्या निबंधांतल्या तिघांपैकी दोघी स्त्रिया होत्या, आणि ज्या ज्ञानावर ते निबंध उभे आहेत ते तर पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हातांत राहिलं.

मग २०१२ साल उजाडलं. बारा लाख फोटो आणि हजार प्रकारच्या वस्तू अशा एका स्पर्धेत कृत्रिम चेतापेशींच्या एका जाळ्याने चुकांचं प्रमाण एकदम १५ टक्क्यांच्या आसपास आणलं. दुसऱ्या क्रमांकाची चूक २६ टक्के होती. नियम लिहायचे नाहीत, उदाहरणं दाखवायची, जाळं आपलं आपण शिकेल, असा हा मार्ग. त्याच्या यशाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण त्यानंतर क्षेत्रात आलेल्या मुलांना मागच्या चार-पाच वर्षांपलीकडचं वाचायची गरजच वाटेनाशी झाली, हे मी वर्गात रोज पाहते. आयुष्यभराच्या कामाचा पुरस्कार अशा काळात नुसता मान राहत नाही. उत्तरं जुनी होतात. कोंडरिंकचे, हॉर्नचे, चेल्लप्पांचे प्रश्न मात्र जुने झालेले नाहीत, आणि नव्या यंत्रांच्या चुका समजून घ्यायच्या तर त्या प्रश्नांपाशीच परतावं लागतं.

आणि या चुका आता आपल्या घरापर्यंत आल्या आहेत. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल फोटोवरून ओळखणाऱ्या प्रणालीचा गाजलेला अभ्यास २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. तिला शिकवायला वापरलेल्या फोटोंत चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे आणि मदुराईच्या अरविंद रुग्णालयाचेही फोटो होते. डोळ्यांचे डॉक्टर जिथे पोचत नाहीत अशा गावांसाठी याचं मोल किती, हे मेळघाटात किंवा गडचिरोलीत काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. दुसऱ्या बाजूला, पुण्या-मुंबईच्या विमानतळांवर आपला चेहराच ओळखपत्र झाला आहे. चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यापारी प्रणाली २०१८ साली तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एका टक्क्याहून कमी आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत जवळजवळ ३५ टक्क्यांपर्यंत निघाली. आपण कोणत्या रांगेत आहोत हे आपल्याला कळायला हवं. चेल्लप्पांनी स्वतः २०२२ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर विश्वास ठेवता येईल का, हाच प्रश्न शीर्षकात घेऊन सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं.

हा विषय परदेशातच घडला असा समज मराठी वाचकाने ठेवू नये. जानेवारी १९९८ मध्ये हीच आयसीसीव्ही मुंबईत भरली होती. फोटोतले कण घालवायचे पण कडा पुसू द्यायच्या नाहीत, ही युक्ती कार्लो तोमासी आणि रोबेर्तो मांदुची यांनी त्या परिषदेत मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. पवईच्या आयआयटीत सुभाशीष चौधुरी आणि त्यांचे विद्यार्थी ए. एन. राजगोपालन यांनी फोटोतल्या धूसरपणावरूनच अंतर काढण्यावर काम केलं. पुढे राजगोपालन मेरीलँडला चेल्लप्पा-रोझेनफेल्ड यांच्या केंद्रात गेले आणि तिथून मद्रासच्या आयआयटीत आले. या विषयातली भारताची स्वतःची परिषद २०१० साली चेन्नईत भरली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून १९६९ साली पदवी घेतलेले रमेश जैन, नाशिकचे आणि पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर, ही नावंही याच नकाशावर आहेत.

पुस्तकाबद्दल थोडंच सांगते. हे चरित्रांचं पुस्तक नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही. प्रत्येक मानकऱ्याचा एकच प्रश्न घेऊन तो दहावीपर्यंतच्या गणिताने जिथवर नेता येईल तिथवर न्यायचा, असं आम्ही ठरवलं. काही प्रकरणांत ते जमलं. पोज्जो आणि फोजेरास यांच्यावरची प्रकरणं अजूनही जड आहेत, तिथे वाचकाने दुसऱ्यांदा यावं लागेल. परिभाषेत आम्ही आग्रह धरला नाही. पिक्सेल, कॅमेरा, फोटो तसेच ठेवले, कारण लोक तेच बोलतात. पोत, उठाव, शेजार हे शब्द मात्र मुद्दाम घेतले. ते इतके नेमके निघाले की बदलावेसे वाटले नाहीत.

पहिलं प्रकरण कोलमचं आहे. ते वाचताना कागद, पेन्सिल आणि खोडरबर जवळ ठेवा. तीन ठिपक्यांची ओळ, तिच्या वर आणि खाली एकेक ठिपका, आणि हात न उचलता सगळ्यांना वळसा घालून परत यायचं. माझ्या शेजारच्या बाईंनी हे प्रकरण वाचून घेतलं. दुसऱ्या आकृतीत एक वळण चुकलं होतं, ते त्यांनी बोटाने दाखवलं. छापायच्या आधी आम्ही ते दुरुस्त केलं आहे.

चेन्नई